चंडोल डावीकडे, रॉबिन उजवीकडे

1. मधे कोणी जायचं?

अमेरिकेतल्या एका छोट्या गावात दोन मैत्रिणी शनिवारी संध्याकाळी स्क्वेअर डान्सला गेल्या आहेत, असं समजा. व्हायोलिन सुरू झालंय. आठ-आठ माणसांचे चौकोन मांडून झालेत आणि त्यांतल्या एकात या दोघी जोडीनं उभ्या आहेत. माइकवरून हाक येते: पुरुषांनी मधे या, उजवे हात जोडा, चक्र फिरवा. तीन जोड्यांतले तीन पुरुष मधे येतात. चौथा हात कुणाचा? दोघी एकमेकींकडे बघतात, दोघीही पाऊल टाकतात, मग दोघीही मागे सरतात. तोवर संगीत चार ठोके पुढे गेलेलं असतं आणि पुढची हाक अंगावर येऊन आदळते. चौकोन मोडतो.

हा प्रसंग सांगितला की ऐकणारे हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला: दोघींपैकी एकीनं 'पुरुष' व्हायचं आधीच ठरवून टाकावं, त्यात काय एवढं? दुसरा, जरा वैतागून: तुम्ही नाचायला जाता की शब्दांवर वाद घालायला? पहिल्याचं उत्तर असं की लोक शंभरहून अधिक वर्षं नेमकं तेच करत आलेत. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर आधी हा नाच चालतो कसा ते पाहावं लागेल. कारण हा नाच शब्दांवरच चालतो.

2. आठ माणसं, एक आवाज

एक कागद घ्या आणि चौकोन काढा. प्रत्येक बाजूला एक जोडी, तोंड आतल्या दिशेला. म्हणजे चार जोड्या, आठ माणसं. हाका देणारा माणूस चौकोनाबाहेर, मंचावर असतो. त्याला कॉलर म्हणतात (शर्टाची नव्हे, पुकारा करणारा). कॉलरकडे पाठ करून उभी असते ती पहिली जोडी. तिच्या उजव्या हाताला दुसरी, समोर तिसरी, डाव्या हाताला चौथी. पहिली आणि तिसरी मिळून 'हेड्स', दुसरी आणि चौथी मिळून 'साइड्स'.

आता प्रत्येक जोडीत डावी जागा आणि उजवी जागा लिहा. परंपरेनं डावीकडे पुरुष, उजवीकडे बाई. तुमच्या जोडीतली दुसरी व्यक्ती ती 'पार्टनर'. दुसऱ्या बाजूला, कोपऱ्यापलीकडे उभी असलेली व्यक्ती ती 'कॉर्नर'. पहिल्या जोडीतल्या डाव्या माणसाचा कॉर्नर म्हणजे चौथ्या जोडीतला उजवा माणूस. आणि पहिल्या जोडीतल्या उजव्याचा? दुसऱ्या जोडीतला डावा. कागदावर बोट ठेवून बघा, लगेच पटेल.

एवढ्यावर कॉलर आठ माणसांचे हवे तसे गट पाडू शकतो. सगळे आठ, फक्त हेड्स, फक्त साइड्स, फक्त डावे चार, फक्त उजवे चार, पार्टनर-पार्टनर, कॉर्नर-कॉर्नर. लेझमीत शिटी वाजली की सगळे एकच हात करतात. इथे हाक अर्ध्यांनाच असते, आणि ते अर्धे कोण हे कळायला फारसा वेळ नसतो. संगीताची गती मिनिटाला साधारण 120 ते 128 ठोके. म्हणजे एक ठोका जेमतेम अर्ध्या सेकंदाचा.

या नाचाचं मूळ युरोपातल्या क्वाड्रिल आणि कोटिलियन या दरबारी नाचांत, इंग्लंडच्या खेड्यांतल्या नाचांत आणि अपालाचियन डोंगराळ भागातल्या जुन्या नाचांत आहे. फ्रेंच शब्द समुद्र ओलांडून आले आणि वाटेत त्यांचे उच्चार झिजले. दो-सी-दो हे मूळचं 'पाठीला पाठ'. अलेमांड म्हणजे खरं तर 'जर्मन नाच', पण आज 'अलेमांड लेफ्ट' म्हटलं की कॉर्नरचा डावा हात धरून एक फेरी, एवढंच कळतं. नाचताना हाका देण्याची प्रथा मात्र युरोपातून आलेली नाही. ती अमेरिकेत रुजवली मुख्यत्वे कृष्णवर्णीय वादकांनी. ते व्हायोलिन वाजवता वाजवता पुढची पावलं सांगत. फिल जेमिसन यांनी 2015 च्या आपल्या पुस्तकात हा इतिहास तपशिलानं मांडलाय. ज्याला आज 'अस्सल गोऱ्या खेड्याचा नाच' समजतात, त्याचा आवाज अशा हातांतून आलेला आहे.

3. कालवडीचा डाग

डावीकडे पुरुष आणि उजवीकडे बाई ही मांडणी माणसं पुरेशी असतील तोवर ठीक. पण माणसं वेळेवर हव्या त्या प्रमाणात जमतात कुठे? कॅलिफोर्नियात 1849 नंतर सोनं शोधायला झुंडी गेल्या. खाणींच्या वस्त्यांत हजारो पुरुष आणि बायका जवळजवळ नाहीतच. तरी नाच व्हायचे. ज्यानं विजारीवर ठळक ठिगळ लावलेलं असेल त्याला त्या रात्रीपुरती 'बाई' समजायचं, असा संकेत होता.

गुराख्यांच्या मुलुखात ठिगळाऐवजी दंडाला रुमाल बांधत. अशा माणसाला तिथल्या बोलीत म्हणत, याला कालवडीचा डाग दिलाय. जनावरांवर मालकीचा डाग देणाऱ्यांचीच ही भाषा. रांगडी, थोडी खवचट, पण कामाची. दाढीवाला, बूट घातलेला, रात्री पुन्हा घोड्यावर बसून जाणारा गडी, पण रुमाल आहे तोवर 'लेडीज' ही हाक त्याला.

इथे एक गोष्ट नीट बघा. त्या माणसाला कुणी बाई समजत नव्हतं. 'लेडी' हा शब्द तिथे माणसाचं वर्णन करतच नव्हता. तो चौकोनातली एक जागा आणि तिचं काम सांगत होता. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. बालगंधर्व 'एकच प्याला'त सिंधू होऊन रंगमंचावर येत तेव्हा सिंधू कोण आणि नारायण श्रीपाद राजहंस कोण, याबद्दल प्रेक्षकांत गोंधळ नव्हता. पात्र वेगळं, माणूस वेगळा.

पुढे उलटा प्रसंग नेहमीचाच झाला: पुरुष कमी, बायका जास्त. मग बायका 'पुरुषाची बाजू' नाचायला शिकल्या. पण रुमालाची जागा संकोचानं घेतली. पुरुषानं बाई होणं हा विनोद, बाईनं पुरुष होणं ही नाइलाजाची तडजोड. शब्द तोच राहिला, त्यावरचं ओझं वाढलं.

ओझं वाढायला आणखीही एक कारण होतं. 1920 च्या दशकात मोटारीवाले हेन्री फोर्ड यांनी जुन्या नाचांचं पुनरुज्जीवन मनावर घेतलं. जॅझ त्यांना बिलकूल खपत नसे. बेंजामिन लव्हेट या नृत्यशिक्षकाला त्यांनी हाताशी धरलं आणि 1926 मध्ये पुस्तक काढलं. त्यात पावलांइतकीच शिष्टाचाराची शिकवण होती. पुरुषानं बाईच्या कमरेला हात लावायचा तो कसा, तर पेन धरावं तसा, अंगठा आणि तर्जनी एवढंच. म्हणजे 'जंटलमन' आणि 'लेडी' हे आता चौकोनातल्या जागेचे नुसते पत्ते राहिले नाहीत. कसं वागायचं, कसं दिसायचं, कुणी कुणाला विचारायचं, हे सगळं त्या शब्दांना चिकटलं. पुढे बायकांचे फुगीर घागरे आणि पुरुषांचे लांब बाह्यांचे शर्ट हाही जवळजवळ गणवेशच झाला.

4. सलामीवीर आणि स्ट्रायकर

आता या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची कल्पना. ती क्रिकेटमधून समजून घेऊ.

डाव सुरू होतो तेव्हा दोन सलामीवीर मैदानात उतरतात. त्यांतला एक स्ट्रायकर, दुसरा नॉन-स्ट्रायकर. एक धाव काढली की स्ट्रायकर बदलतो. षटक संपलं की पुन्हा बदलतो. पण सलामीवीर बदलत नाही. शंभराव्या धावेलाही तो सलामीवीरच. 'सलामीवीर' हे डावाच्या सुरुवातीला ठरलेलं आणि पक्कं राहणारं नाव. 'स्ट्रायकर' हे या क्षणी कोण कुठे उभा आहे त्यावरून पडणारं नाव.

स्क्वेअर डान्समध्येही अशी दोन प्रकारची नावं लागतात. सुरुवातीला जो डावीकडे उभा राहिला, तो सगळा नाचभर 'बॉय' (जुन्या पद्धतीत 'जंट'), उजवीकडचा 'गर्ल' (किंवा 'लेडी'). हे सलामीवीरासारखं. पण नाच सुरू झाला की माणसं जागा बदलतात. एखाद्या हाकेनंतर 'बॉय' चक्क उजवीकडे येतो आणि 'गर्ल' डावीकडे. या क्षणी जोडीत डावीकडे कोण आहे हे सांगायला वेगळे शब्द आहेत: 'बो' म्हणजे आत्ता डावीकडचा आणि 'बेल' म्हणजे आत्ता उजवीकडचा. हे शब्द वरच्या पायऱ्यांवरचे नाचणारे वापरतात. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत 'बो' म्हणजे छैला आणि 'बेल' म्हणजे सुंदरी. तरी नाचात त्यांचा अर्थ पूर्णपणे जागेपुरता. दाढीवाला आजोबाही उजवीकडे आला की त्या क्षणी 'बेल'. त्यावर कुणी भुवई उंचावत नाही. शब्दाचा मूळ अर्थ नाचणाऱ्यांच्या कानातून गळून पडू शकतो, याचा हा घरचाच पुरावा.

म्हणून 'पुरुष-बाई नको, तर सरळ डावे-उजवे म्हणा की!' हा सगळ्यांना प्रथम सुचणारा उपाय स्क्वेअरमध्ये लगेच अडखळतो. मूळचा डावा आता उजवीकडे उभा आहे, आणि हाक येते: डाव्यांनी मधे या. कुणी जायचं? सुरुवातीला डावे होते त्यांनी, की आत्ता डावीकडे आहेत त्यांनी? आपण दोन मैत्रिणींचा गोंधळ सोडवायला निघालो आणि आठही जणांना गोंधळात टाकलं.

5. एक लहानसा हिशेब

'स्लाइड थ्रू' नावाची एक हाक आहे. दोन माणसं समोरासमोर उभी. दोघांनी एकमेकांच्या उजव्या खांद्याजवळून पुढे जायचं. मग 'बॉय'नं उजवीकडे पाव वळण घ्यायचं, 'गर्ल'नं डावीकडे.

कागदावर उत्तर वर धरा. 'बॉय' खाली उभा, तोंड उत्तरेला. 'गर्ल' वर उभी, तोंड दक्षिणेला. एकमेकांना ओलांडून गेले की बॉय वर, अजून तोंड उत्तरेला. गर्ल खाली, तोंड दक्षिणेला. दोघांच्या पाठी एकमेकांकडे. आता बॉय उजवीकडे वळतो: तोंड पूर्वेला. गर्ल डावीकडे वळते: तिचंही तोंड पूर्वेला. दोघं शेजारी-शेजारी, एकाच दिशेला. बॉय डावीकडे, गर्ल उजवीकडे. जोडी तयार.

आता हाच प्रयोग दोन 'बॉय' समोरासमोर असताना करा. दोघंही उजवीकडे वळतात. एक पूर्वेला, दुसरा पश्चिमेला. शेजारी उभे, पण तोंडं उलट दिशांना, आणि दोघांचे उजवे हात एकमेकांजवळ. हेही बरोबरच आहे. कॉलरला कधी कधी हीच रचना हवी असते आणि पुढची हाक तो त्यावरच बेततो.

यातून काय कळलं? हाक तीच, सुरुवातीची जागा तीच, तरी शेवट वेगळा, आणि तो ठरला कुणाची भूमिका कोणती यावर. समोरासमोर उभ्या माणसांत डावा-उजवा असा भेदच नसतो. तिथे जागेवरून नाव देता येत नाही. म्हणजे भूमिकेसाठी पक्कं, नाचभर न बदलणारं नाव लागतंच. ते 'पुरुष' आणि 'बाई' असायला हवं असं मात्र नाही. त्या दोन मैत्रिणींतली एक 'क' आणि दुसरी 'ख' असती तरी हिशेब अगदी तोच आला असता.

6. उमेदवार

मग 'क' आणि 'ख'च्या जागी काय? नव्या शब्दांची खरी प्रयोगशाळा स्क्वेअर नव्हे, तर त्याचं चुलत भावंड: काँट्रा डान्स. त्यात जोड्या लांब रांगांत उभ्या राहतात. 64 ठोक्यांचा एक क्रम पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक फेरीला जोडी एक घर पुढे सरकते. मुख्य फरक असा की काँट्राचा क्रम आधी सावकाश चालून दाखवतात. चार-पाच फेऱ्यांनंतर पाय आपोआप चालतात आणि कॉलर गप्प होतो. आधुनिक स्क्वेअरमध्ये कॉलर आयत्या वेळी हाका जुळवतो. पुढे काय येणार ते नाचणाऱ्यांना ठाऊक नसतं. म्हणून काँट्रात शब्द बदलून बघणं सोपं, स्क्वेअरमध्ये धोक्याचं.

पहिला उपाय बॉस्टनच्या परिसरातल्या समलिंगी नाचणाऱ्यांच्या काँट्रा मंडळांनी केला, आणि तो थेट गुराख्यांचा होता: दंडाला पट्टी. पट्टीवाले ते 'बँड्स', उघड्या दंडाचे ते 'बेअर्स'. तिकडे ओरेगॉनमध्ये कार्ल विटमन हे गृहस्थ इंग्लिश कंट्री डान्स शिकवताना स्त्री-पुरुष अशी विभागणीच करत नसत. हेच विटमन 'गे मॅनिफेस्टो' या जाहीरनाम्याचे लेखक. पट्टीच्या उपायात एक सोय आहे, समोरच्याकडे बघताच त्याची भूमिका कळते. आणि एक गैरसोय: पट्ट्या आणाव्या लागतात, वाटाव्या लागतात, रात्री मोजून परत घ्याव्या लागतात. सार्वजनिक गणेशोत्सवात ज्यांनी टाळांचा हिशेब ठेवलाय त्यांना हे दुखणं सांगायला नको.

दुसरा उमेदवार: 'लीड' आणि 'फॉलो', म्हणजे नेणारा आणि मागून येणारा. टँगोत किंवा स्विंगमध्ये हे शब्द अचूक आहेत. काँट्रात आणि स्क्वेअरमध्ये ते चक्क खोटे आहेत. इथे कुणी कुणाला नेत नाही, नेतो तो कॉलर. शिवाय पुरुषपणा काढून त्या जागी पुढारीपणा बसवला तर काय मिळवलं?

तिसरा: 'जेट्स' आणि 'रूबीज'. 'जंट्स' आणि 'लेडीज' यांच्या नादाशी जुळणारे, म्हणजे जुन्या कानांना सोपे. युक्ती चांगली होती, पण जेट हा काळा खडा आणि माणिक यांचा डाव्या-उजव्याशी संबंध काय, हे नवख्याला आठवत नाही.

मग 2010 च्या दशकात पक्षी आले. 'लार्क' म्हणजे चंडोल, डावीकडचा. 'रेव्हन' म्हणजे डोमकावळा, उजवीकडचा. इंग्रजीत 'लार्क'चं पहिलं अक्षर 'लेफ्ट'चं, 'रेव्हन'चं 'राइट'चं. लक्षात ठेवायला आणखी काही नको. पण लवकरच आक्षेप आला. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या हैदा आणि त्लिंगित या मूळ रहिवासी समाजांत रेव्हनला मोठं धार्मिक आणि पौराणिक स्थान आहे. त्याचं नाव नाचातल्या बिल्ल्यासारखं वापरणं बरं नव्हे. तेव्हा रेव्हन गेला आणि रॉबिन आला. अमेरिकेतला रॉबिन हा तांबूस छातीचा, कस्तुराच्या कुळातला पक्षी. तिथल्या परसापरसात दिसतो. याच सुमारास 'जिप्सी' नावाची एक हाकही, रोमा लोकांचा तो अपमान आहे म्हणून, बऱ्याच ठिकाणी मोडीत निघाली आणि तिला 'उजव्या खांद्यानं फेरी' असं सरळ नाव मिळालं. नवं नाव रुक्ष आहे, पण काय करायचं ते त्यातच सांगितलेलं आहे. मला तर ते जुन्यापेक्षा सरस वाटतं.

'लार्क्स' एका शब्दावयवाचा, 'रॉबिन्स' दोन शब्दावयवांचा. स्वर वेगळे, म्हणजे गोंगाटातही फरक ऐकू येतो. दोन्हींत कुणी वरचा-खालचा नाही. एकच खोट आहे. 'लार्क्स' आणि 'लेडीज' दोन्ही 'ल'नं सुरू होतात. तीस वर्षं नाचलेल्या बाईच्या पायांना 'ल' ऐकलं की उजवीकडची जागा आठवते, आणि आता त्याच 'ल'नं डावीकडच्याला बोलावलं जातं. पहिल्या काही रात्री धडका ठरलेल्या.

शेवटचा उमेदवार म्हणजे नावच न घेणं. 'उजवीकडच्या माणसाला हात द्या', 'शेजाऱ्याबरोबर फिरा', 'कर्णातले दोघं जागा बदला'. इंग्लिश कंट्री डान्समध्ये हे सुरेख जमतं. तिथे वेग कमी, रचना ठरलेली. काँट्रातही बऱ्यापैकी जमतं, कॉलर हुशार असेल तर. आधुनिक स्क्वेअरमध्ये मात्र आपण वरचा हिशेब पाहिलाच आहे.

7. ज्यांनी बदलावं त्यांनीच ठेवलं

इथे वाचकाला एक गोष्ट विचित्र वाटेल. समलिंगी स्क्वेअर डान्स क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना 1983 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सिअ‍ॅटलला तिचं पहिलं अधिवेशन भरलं. तिथे कुणीही कुणाबरोबर, कोणत्याही बाजूनं नाचावं, हाच पाया. मग शब्द त्यांनीच पहिल्यांदा बदलले असतील ना? नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या चौकोनांत हाक तीच: 'बॉइज', 'गर्ल्स'. बायका 'बॉय' नाचल्या, पुरुष 'गर्ल' नाचले, आणि शब्दांचं हसू करून त्यांनी शब्दांची धार बोथट केली. दंडाच्या रुमालातला जो मिश्कीलपणा गुराख्यांत होता, तोच इथे परत आला. फरक इतकाच की या वेळी तो स्वतःहून निवडलेला होता.

त्यामागे व्यवहारही होता. आधुनिक स्क्वेअर डान्सच्या हाका आणि त्यांच्या व्याख्या कॉलरलॅब ही कॉलरांची संघटना ठरवते. तिचं पहिलं अधिवेशन 1974 मध्ये सेंट लुईसला झालं. 'मेनस्ट्रीम' पायरीला सुमारे 70 हाका, त्यापुढे 'प्लस', 'अ‍ॅडव्हान्स्ड', 'चॅलेंज'. ही यादी एकच असल्यामुळे टेक्ससमध्ये शिकलेला माणूस जपानात किंवा जर्मनीत चौकोनात उभा राहिला तरी नाचू शकतो. हाका सगळीकडे इंग्रजीतच देतात. एका गावानं आपले शब्द बदलले तर ते गाव या जाळ्यातून तुटतं. काँट्राला असं जाळं नाही, म्हणून तो मोकळा.

मात्र ज्याला 'बॉय' किंवा 'गर्ल' हा शब्द आयुष्यभर चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पत्रासारखा झेलावा लागलाय, त्याला हा मिश्कीलपणा दर वेळी हसवत नाही. आणि पहिल्यांदाच आलेल्या त्या दोन मैत्रिणींना तर हा विनोद माहीतच नसतो. विनोद आतल्यांसाठी असतो, नवखे दारातूनच परत जातात. जुन्या क्लबांत माणसं कमी होत असताना ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येत नाही.

8. हाका मराठीत दिल्या तर?

एक गमतीचा प्रश्न. मराठीत हे किती सोपं आहे बघा. 'या', 'वळा', 'हात सोडा', 'फिरा', 'थांबा'. आज्ञार्थात आपल्याकडे लिंग नसतंच. कॉलरचं जवळजवळ सगळं बोलणं आज्ञार्थात, म्हणजे अर्धं काम व्याकरणानंच केलं. लंडनच्या एमसीसीनं 2021 च्या सप्टेंबरमध्ये क्रिकेटच्या नियमांत 'बॅट्समन'च्या जागी 'बॅटर' केलं. 'फलंदाज' मात्र तेव्हाही बदलावा लागला नाही.

पण मराठी दुसरीकडे वसूल करते. फलंदाज बाद 'झाला' की 'झाली'? नामात लपवलेलं क्रियापदात उघडं पडतं. आणि आता कबुली देतो: या प्रकरणात मी सुरुवातीपासून 'कॉलर हाका जुळवतो', 'कॉलर गप्प होतो' असं लिहीत आलोय. उत्तम कॉलर असलेल्या बायका पुष्कळ आहेत. काँट्रात तर कित्येक नामवंत कॉलर बायकाच आहेत. तुम्हाला वाचताना ते खटकलं नसेल तर या प्रकरणाचा विषय तुम्हाला आता आधीपेक्षा बरा कळेल.

भूमिकांना मराठी नावं द्यायची झाली तर 'डा' आणि 'उ'नं सुरू होणारे शब्द हवेत. चंडोल बाद. माझी सूचना: डाळ आणि उसळ. 'डाळीनं मधे या, उसळीनं बाहेरून फिरा.' दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, तेव्हा पक्षपाताची तक्रार नाही. दोन्ही रोजच्या ताटातले आणि ऐकायला वेगळे. हसू नका, 'लार्क' आणि 'रॉबिन' ऐकून पहिल्या रात्री अमेरिकेतही लोक हसलेच असणार.

9. कुठवर आलं

मला विचाराल तर काँट्रापुरता प्रश्न सुटलेला आहे आणि पक्षी राहणार आहेत. आधुनिक स्क्वेअरचं तसं नाही. तिथे यादी, व्याख्या आणि हजारो ध्वनिमुद्रित गाणी या सगळ्यांत जुने शब्द मुरलेले आहेत. यमकंसुद्धा त्यांच्यावर बेतलेली. 'फोर लेडीज चेन'सारख्या हाकेत तर शब्द नावातच शिवलेला आहे. तिथे बदल आला तर तो आधी विद्यापीठांतल्या तरुण क्लबांतून येईल, संघटनेच्या ठरावातून नंतर. जुन्या नाचणाऱ्यांची हरकत मी नुसती हट्ट म्हणून झटकणार नाही. चाळीस वर्षं कानातून थेट पायात गेलेला शब्द काढणं म्हणजे लिहिता हात बदलण्यासारखं आहे. पण लिहिता हात बदलणं शक्य असतं, आणि अर्ध्या सेकंदाच्या अवधीत आपण कोण हे ज्याला दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं त्याची अडचण या अडचणीपेक्षा मोठी आहे.

अमेरिकन काँग्रेसनं 1982 मध्ये स्क्वेअर डान्सला राष्ट्रीय लोकनृत्य म्हटलं, तेही 1982 आणि 1983 या दोन वर्षांपुरतंच. रोनाल्ड रेगन यांची सही असलेला तो कायदा 'बॉय' आणि 'गर्ल' यांच्याबद्दल काहीच बोलत नाही. आज अमेरिकेतल्या कित्येक गावांत काँट्रा नाचाची जाहिरात लागते. त्यात वाद्यवृंदाचं नाव असतं, कॉलरचं नाव असतं, वेळ आणि तिकीट असतं, आणि खाली एक ओळ असते: आज हाका लार्क्स आणि रॉबिन्स या नावांनी.